रद्दी दिली; पण तिचा कागद घेतला का?

(कागद आणि वेष्टने यांची पर्यावरणपूरक निवड या विषयावर कार्यकर्ते व त्यांचे कुटुंबीय यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा पाठ)



कागदाला पाय लागला, की मराठी घरातले लहान मूलही चटकन वाकते, त्या कागदाला हात लावते आणि तो हात कपाळाशी नेते. हे त्याला शाळेत कोणी शिकवलेले नसते. आजी करते, आई करते, ते पाहून मूल करते. कागद म्हणजे विद्या आणि विद्या म्हणजे सरस्वती, हे नाते त्या एका कृतीतून पिढ्यान्‌पिढ्या पुढे चालत आले आहे. दसऱ्याला पाटीवर सरस्वती काढून वह्या-पुस्तकांची पूजा करणारा हा समाज कागदाकडे निव्वळ वस्तू म्हणून पाहत नाही.

आता त्याच घरात आलेल्या एखाद्या लग्नपत्रिकेकडे पाहावे. वर चकचकीत प्लास्टिकचा पापुद्रा, त्यावर सोनेरी वर्ख, आत तीन समारंभांची तीन जाड पाने, बाहेर पाकीट आणि पाकिटाच्याही बाहेर खोके. लग्न होऊन आठ दिवस झाले, की या साऱ्याचे करायचे काय, हा प्रश्न गृहिणीपुढे उभा राहतो. रद्दीवाला ती पत्रिका गठ्ठ्यातून बाजूला काढतो, कारण त्याच्या लेखी तिला मोल नाही. वर श्रीगणेशाचे चित्र असल्याने कचऱ्याच्या डब्यात ती टाकवत नाही. शेवटी ती निर्माल्याबरोबर नदीत जाते किंवा कोपऱ्यावरच्या पिंपळाच्या पारावर जाऊन पडते. कागदाला पाय लागला म्हणून नमस्कार करणाऱ्या घरातला कागद पिंपळाखालच्या चिखलात पडून राहतो. याला दांभिकपणा म्हणणे अन्यायाचे होईल. पत्रिका छापायला देताना ती पुढे जाणार कुठे, हा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता, इतकाच त्याचा अर्थ.

आजच्या भाषणाचा विषय हा न विचारलेला प्रश्न आहे. रद्दी साठवण्यात मराठी मध्यमवर्ग कोणाला हार जाणारा नाही. वर्तमानपत्रांच्या घड्या, मासिकांचा वेगळा गठ्ठा, वह्यांचा वेगळा, महिनाअखेरीस रद्दीवाल्याच्या काट्यावर बारीक नजर आणि किलोमागे रुपयासाठी घासाघीस, हे दृश्य घरोघरचे आहे. त्यात लाजण्यासारखे काही नाही, उलट अभिमान बाळगावा असेच ते आहे. परंतु कागदाच्या चक्राला दोन टोके असतात. एका टोकाला रद्दी देणारा आणि दुसऱ्या टोकाला त्या रद्दीपासून झालेला कागद विकत घेणारा. पहिले टोक आपल्या घरांनी घट्ट धरले आहे, दुसरे मात्र सुटून गेले आहे. वही, पाकीट किंवा खोके घ्यायला दुकानात गेले, की तेच घर सर्वांत पांढरा, सर्वांत गुळगुळीत माल मागते. रद्दीला भाव मिळतो तो अखेर तिच्या कागदाला गिऱ्हाईक असते म्हणून, हे तेवढ्यापुरते विसरले जाते.

जुनी गोणपाटे आणि पेशवे दप्तर

‘रिसायकल्ड’ हा शब्द इंग्रजी असल्यामुळे ही कल्पनाही बाहेरून आली, असा अनेकांचा समज आहे. पुण्याच्या पुराभिलेखागारात हजारो रुमालांत बांधलेले पेशवे दप्तर या समजाला उत्तर देते. त्या काळी महाराष्ट्रात जुन्नरी आणि दौलताबादी कागदाचे नाव होते. हा कागद कशापासून होत असे? झिजलेली गोणपाटे, तुटके दोरखंड, तागाचा-अंबाडीचा चोथा आणि चिंध्या. हा सारा टाकाऊ माल चुन्याच्या पाण्यात भिजवायचा, कुटायचा, नदीवर धुवायचा, पुन्हा कुटायचा. मग त्याचा लगदा हौदात कालवून गवताच्या काड्यांच्या जाळीवर एकेक ताव उचलायचा, भिंतीवर थापून वाळवायचा, खळ लावायची आणि गुळगुळीत दगडाने घोटायचा. दौलताबादजवळचे कागजीपुरा हे गाव आणि पुण्याच्या कसबा पेठेतील कागदीपुरा यांनी ही कारागिरी आपल्या नावात जपून ठेवली आहे. राज्यकारभाराची पत्रे, हिशेब, वतनांचे कागद ज्यावर लिहिले गेले, तो कागद दुसऱ्याने टाकून दिलेल्या वस्तूंपासून बनला होता. त्यावरचे मोडी अक्षर आजही वाचता येते.

गिरणीचा कागद आला आणि हे कारागीर मागे पडले. १९३४ साली अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि वर्ध्याच्या मगनवाडीत जे. सी. कुमारप्पा यांच्या देखरेखीखाली हातकागदाला पुन्हा हात घातला गेला. प्रा. के. बी. जोशी यांनी या कामात स्वतःला वाहून घेतले आणि १९४० साली पुण्यात हातकागद संस्था उभी राहिली. या कागदासाठी झाड तोडावे लागत नाही. कापडाच्या कारखान्यांतून निघणारी सुती कात्रणे हा त्याचा मुख्य कच्चा माल. सुती तंतू लांब आणि चिवट असतो, म्हणून हा कागद टिकतो. स्वदेशी चळवळीच्या इतिहासात खादीला जे स्थान मिळाले ते हातकागदाला मिळाले नाही, ही हळहळ वाटावी अशी गोष्ट आहे.

पं. दीनदयाळ उपाध्याय यांनी १९६५ साली मुंबईत एकात्म मानवदर्शनावर जी व्याख्याने दिली, त्यांत निसर्गातून घ्यावे ते त्याला सहज भरून काढता येईल एवढेच, असा विचार स्पष्टपणे मांडला आहे. शोषण नको, दोहन हवे, या शब्दांत तो कार्यकर्त्यांच्या ओठी आहे. कागदाच्या बाबतीत या दोहनाचा अर्थ काय, हे समजण्यासाठी कागदाच्या तंतूचे आयुष्य समजून घ्यावे लागते.

तंतू म्हातारा होतो

कागद म्हणजे वनस्पतीच्या बारीक तंतूंचा एकमेकांत अडकलेला थर. रद्दीचा पुन्हा लगदा केला, की प्रत्येक खेपेस हे तंतू थोडे तुटतात, आखूड होतात. साधारणपणे पाच ते सात फेऱ्यांनंतर तंतू इतका आखूड होतो, की तो कागद धरून ठेवू शकत नाही. म्हणून रद्दीच्या लगद्यात कुठे ना कुठे नवा तंतू मिसळावाच लागतो. ‘सगळा कागद रद्दीपासूनच करा’ ही घोषणा सभेत टाळ्या घेईल, पण कागदगिरणीत ती चालणार नाही.

यातून निवडीचे एक साधे शहाणपण निघते. नवा, लांब तंतू जिथे खरोखर लागतो तिथेच खर्ची घालावा. शंभर वर्षे टिकायला हवे असे दस्तऐवज, ग्रंथालयात जपून ठेवायचे ग्रंथ, यांच्यासाठी उत्तम नवा किंवा चिंध्यांचा कागद वापरण्यात काही वावगे नाही. नाशिकची द्राक्षे परदेशी जातात तेव्हा त्यांची खोकी थंड, दमट शीतगृहात दिवसेंदिवस एकावर एक रचलेली असतात. तिथे पुठ्ठा मऊ पडला, तर शेतकऱ्याचे वर्षभराचे कष्ट खालच्या थरात चेपले जातील. अशा खोक्यांत नव्या तंतूचे प्रमाण अधिक ठेवले, तर तो अपव्यय नव्हे. कोकणातला हापूस एके काळी लाकडी पेटीतून, भाताच्या पेंढ्यात बसून मुंबईला येत असे. आता तो बहुतांशी पुठ्ठ्याच्या खोक्यातून येतो, नाव मात्र पेटीचेच राहिले. लाकडाच्या जागी पुठ्ठा आला, ही तशी भल्याचीच गोष्ट.

पण सभेचे हस्तपत्रक, कार्यालयातील टिपणे, मुलांच्या वह्या, पत्रांची पाकिटे, चपलांचे खोके, साडीचे खोके, हात पुसून क्षणात फेकायचा कागदी रुमाल, यांना कोवळ्या नव्या तंतूची काय गरज? एका मिनिटाच्या कामासाठी झाडाचा पहिला तंतू खर्च करायचा आणि मग पर्यावरणदिनी रोप लावायचे, हा हिशेब जुळत नाही.

झाडांच्या बाबतीतही थोडे तारतम्य हवे. एक टन रद्दी म्हणजे सतरा झाडांना जीवदान, असे वाक्य शाळांच्या भिंतींवर रंगवलेले दिसते. झाड कोणत्या जातीचे, किती वयाचे, लगदा कोणत्या पद्धतीने काढला, यावर तो आकडा बदलतो, तेव्हा तो सर्वत्र जसाच्या तसा सांगू नये. शिवाय भारतात १९८८ च्या राष्ट्रीय वननीतीनंतर कागदगिरण्यांचे लाकूड मोठ्या प्रमाणावर शेतकऱ्यांच्या बांधावरून, म्हणजे सुबाभूळ, निलगिरी, सुरू यांच्या लागवडीतून येते. प्रत्येक वहीमागे घनदाट जंगल तुटते असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून नाही. मात्र वनवासींच्या बांबूची कहाणी वेगळी आहे. गडचिरोली-चंद्रपूरच्या रानातला बांबू वर्षानुवर्षे नाममात्र दराने गिरण्यांकडे गेला आणि ज्यांच्या अंगणाशी तो वाढला त्यांना त्यावर हक्क नव्हता. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ साली स्वतःचा बांबू स्वतः विकण्याचा परवाना. शहरातल्या टेबलावरचा स्वस्त पांढरा कागद कोणाच्या तरी हक्काच्या किमतीवर स्वस्त होता, हे त्या गावाने दाखवून दिले.

रद्दीपासून कागद करताना नव्या लगद्याच्या तुलनेत पाणी आणि वीज कमी लागते, याविषयी दुमत नाही. शाई काढताना निघणारा गाळ नीट हाताळला नाही, तर तोही नदीचे नुकसान करतो. म्हणून ‘रद्दीचा कागद’ एवढे दोन शब्द पुरेसे नाहीत, गिरणीने सांडपाण्याचे काय केले हेही महत्त्वाचे.

अमेरिकेची रद्दी, आपला ओला पुठ्ठा

आता एक गोष्ट, जी स्वदेशीचा आग्रह धरणाऱ्या प्रत्येकाने मनावर घ्यावी. भारतात तयार होणाऱ्या कागद-पुठ्ठ्यापैकी सत्तर टक्क्यांच्या आसपास माल रद्दीपासून होतो. गुजरातमधील वापी, मोरबी, उत्तर प्रदेशातील मुझफ्फरनगर ही त्याची मोठी केंद्रे. परंतु या गिरण्यांना देशातली रद्दी पुरत नाही. अमेरिका आणि युरोपातून दरवर्षी लक्षावधी टन रद्दी जहाजांनी भारतात येते. २०१८ पासून चीनने परदेशी कचऱ्याला दारे बंद करायला सुरुवात केली आणि २०२१ पासून ती जवळजवळ पूर्ण बंद केली. तेव्हा या मालाचा बराच ओघ भारत आणि आग्नेय आशियाकडे वळला. गठ्ठ्यांतून कागदाबरोबर प्लास्टिकही येते आणि त्याची विल्हेवाट लावण्याचे दुखणे आपल्या गावांच्या वाट्याला येते.

आणि त्याच वेळी आपल्या शहरांतला कागद काय करतो? तो भाजीच्या देठांबरोबर, उरलेल्या आमटीबरोबर एकाच पिशवीत जातो. पुठ्ठ्याचा तंतू एकदा अन्नाच्या ओलीने आणि तेलाने बरबटला, की तो गिरणीच्या उपयोगाचा राहत नाही. एकशे चाळीस कोटींच्या देशाने आपला कागद ओल्या कचऱ्यात सडवायचा आणि न्यू जर्सीची वापरून टाकलेली खोकी डॉलर मोजून आणायची, याला काय म्हणावे? ओला आणि सुका कचरा वेगळा करण्याचे काम महापालिकेच्या धाकाने करायचे की परकीय चलन वाचवायचे म्हणून, हे ज्याचे त्याने ठरवावे. काम मात्र तेच आहे.

घरपोच येणाऱ्या मालाच्या खोक्यावरची प्लास्टिकची चिकटपट्टी ओढून काढणे, खोके चपटे करणे, पावसात बाहेर न ठेवणे, या तीन गोष्टींना मिळून दोन मिनिटे लागतात. पुढे ते खोके ज्या भगिनींच्या हातात जाते त्यांच्यासाठी ही दोन मिनिटे फार मोलाची आहेत, कारण कोरड्या, स्वच्छ पुठ्ठ्याला भाव मिळतो आणि भिजलेल्याला मिळत नाही. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. तिच्या कामात डॉ. बाबा आढाव यांचा मोठा वाटा होता. कचरा वेचणाऱ्या महिलांना ओळखपत्र मिळाले, पुढे ‘स्वच्छ’ या त्यांच्या सहकारी संस्थेकडे घरोघरचा कचरा गोळा करण्याचे काम आले. डॉ. आढाव यांची विचारधारा वेगळी होती, मतभेद होते आणि राहतील. पण समरसतेची भाषा बोलणाऱ्यांनी या कामापुढे मोकळ्या मनाने मान लववावी, इतके ते मोठे आहे.

खाद्यपदार्थ आणि कागद

इथे मात्र सावध व्हायला हवे, कारण चांगल्या हेतूने चुकीची निवड होण्याचा धोका सर्वांत अधिक इथेच आहे. वाण्याच्या दुकानातली वर्तमानपत्राची पुडी आणि तिचा गुंडाळून ठेवलेला दोरा ही जुन्या काटकसरीची खूण होती. भेळ कागदावर, वडापाव कागदात, भजी कागदावर निथळलेली. परंतु छपाईची शाई पोटात जाण्यासाठी बनवलेली नसते. गरम आणि तेलकट पदार्थ ती सहज ओढून घेतात. अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या वेष्टनविषयक २०१८ च्या नियमांनी खाद्यपदार्थांसाठी वर्तमानपत्राचा वापर मना केला आहे. पुनर्वापर चांगला म्हणून रद्दीत शेव बांधावी, असे कोणी सांगू लागले तर त्याला नम्रपणे थांबवावे. रद्दीच्या पुठ्ठ्यात जुन्या शाईचे अंश राहतातच. मिठाईचे खोके बाहेरून पांढरे आणि आतून राखाडी असते, तो राखाडी भाग रद्दीचा. म्हणून मिठाई थेट त्यावर टेकू नये, मध्ये खाद्यपदार्थांसाठीचाच कागद हवा. त्याहून उत्तम म्हणजे घरून स्टीलचा डबा नेणे. हलवाई पहिल्या वेळी चकित होईल, दुसऱ्या वेळी ओळखेल.

कागदी पेल्याचीही तीच गत. दिसतो कागदाचा, पण चहा झिरपू नये म्हणून त्याला आतून प्लास्टिकचा पातळ थर दिलेला असतो. खरगपूरच्या आयआयटीतील संशोधकांच्या प्रयोगात, अशा पेल्यात गरम पाणी पंधरा मिनिटे राहिले, तेव्हा शंभर मिलिलिटरमध्ये प्लास्टिकचे सुमारे पंचवीस हजार सूक्ष्म कण सापडले. हा पेला सर्वसाधारण रद्दीत चालत नाही आणि मातीत नीट कुजतही नाही. शिबिराच्या मंडपामागे सकाळच्या चहानंतर साचणारा पेल्यांचा ढीग ज्यांनी उचलला आहे त्यांना अधिक सांगायला नको. महाराष्ट्रात २०१८ साली प्लास्टिकबंदीची अधिसूचना निघाली, त्यानंतर दुकानदारांनी दिलेल्या कापडासारख्या दिसणाऱ्या रंगीत पिशव्याही अशाच फसव्या. त्यातल्या बहुतेक विणलेल्या नसून दाबून केलेल्या प्लास्टिकच्याच असतात. काडी लावून पाहिली तर वितळतात.

२०२५ च्या प्रयागराज महाकुंभासाठी ‘एक थाळी, एक थैला’ हे अभियान संघाच्या पर्यावरण गतिविधीने देशभर नेले. घराघरांतून ताटे आणि कापडी पिशव्या गोळा करून कुंभात पोहोचवल्या गेल्या. त्यामागचा विचार कागदाच्या विषयालाही लागू पडतो. जे वेष्टन धुऊन पुन्हा वापरता येते, त्याच्यापुढे रद्दीपासून केलेले वेष्टनही दुसऱ्या क्रमांकावर येते. पळसाची पत्रावळ हा तिसरा, आणि अनेक ठिकाणी सर्वांत सुंदर पर्याय. ती जेवणाऱ्याला तृप्त करते, गाईला चालते, खतात जाते आणि लावणाऱ्या वनवासी भगिनीला रोजगार देते.

पत्रिका छापण्यापूर्वी

पुन्हा लग्नपत्रिकेकडे. पत्रिका छापू नये, मोबाइलवर पाठवावी, असे सांगणारे पुष्कळ आहेत. पण हळदीकुंकू लावलेली पत्रिका घेऊन घरी जाणे, वडीलधाऱ्यांच्या हाती ती देणे, यात एक सांस्कृतिक आब आहे आणि तो सोडावा असे सांगण्याचे कारण नाही. पहिली पत्रिका कुलदेवतेपुढे ठेवली जाते, ती कागदाचीच शोभते. छापावी, पण साधी छापावी. एकच पान, प्लास्टिकचा पापुद्रा नाही, वर्ख नाही, चमकी नाही. अशी पत्रिका रद्दीवाला आनंदाने नेतो. हातकागदावर छापली तर ती देखणीही होते आणि ती घेणारा ती जपून ठेवतो.

देवाच्या प्रतिमेविषयी अधिक स्पष्ट बोलायला हवे. आज अगरबत्तीच्या पुड्यावर, फटाक्यांच्या खोक्यावर, मसाल्याच्या पाकिटावर, दुकानाच्या पिशवीवर देवदेवतांची चित्रे छापलेली असतात. पुडा रिकामा झाला, की त्या चित्राची विटंबना अटळ. रद्दीत दिले तर त्यावर पाय पडणार, नदीत सोडले तर नदी मैली होणार. श्रद्धाळू माणूस दोन्ही बाजूंनी कोंडीत सापडतो आणि ही कोंडी व्यापाऱ्याने त्याच्यावर लादलेली असते. त्यावर उपाय ग्राहकाच्याच हाती आहे. ज्या वेष्टनावर देवाचे चित्र आहे ते घेऊ नये, आणि का घेत नाही ते दुकानदाराला सांगावे. पत्रिकेवर ‘श्री’ किंवा ‘श्रीगणेशाय नमः’ ही अक्षरे पुरेशी आहेत, तेवढ्याने मंगलाचरण पूर्ण होते. घरात आधीच साठलेल्या पत्रिकांचे चित्राचे भाग कापून वेगळे ठेवावेत, साधा कागद रद्दीत द्यावा. ते भाग बागेतल्या खड्ड्यात मातीखाली ठेवता येतात. मात्र पापुद्रा असलेली पत्रिका मातीतही मिसळत नाही, म्हणून ती मुळात छापूच नये.

गणेशोत्सवात थर्माकोलच्या मखराच्या जागी पुठ्ठ्याची घडीची मखरे आली, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. ती पाच-सहा वर्षे सहज वापरता येतात. मूर्ती मात्र शाडूच्या मातीचीच हवी. शाईने भरलेल्या रद्दीच्या लगद्याची मूर्ती पर्यावरणपूरक म्हणून खपवली जाते, तिचे विसर्जन झाले की तो लगदा आणि ती शाई पाण्यातच राहते.

दुकानात काय पाहावे

बाजारात शब्दांचा सुळसुळाट आहे. वहीवर ‘वुडफ्री’ असे लिहिलेले असते आणि पालक समजतात, की यात लाकूड नाही. प्रत्यक्षात त्याचा अर्थ उलट म्हणावा असा आहे. लाकडातला एक नको असलेला घटक रसायनांनी काढून टाकलेला, म्हणून तो ‘वुडफ्री’. झाड त्यालाही लागतेच. हिरव्या पानाचे चित्र, ‘इको’ हा शब्द, खाकी रंग, यांतल्या कशानेही काही सिद्ध होत नाही. खाकी कागद पूर्णपणे नव्या लगद्याचाही असू शकतो. तीन बाणांच्या वर्तुळाची खूण १९७० साली अमेरिकेत जन्मली. त्या खुणेत टक्केवारीचा आकडा असेल तर माल तितका रद्दीचा आहे असा दावा समजावा. आकडा नसेल, तर बहुधा ती ‘हा कागद पुढे रद्दीत देता येईल’ एवढेच सांगते. एफएससी या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या खुणेत ‘रिसायकल्ड’ आणि ‘मिक्स’ असे वेगळे शब्द असतात, त्यांतला पहिला आपल्या उपयोगाचा. आणखी एक मेख अशी, की गिरणीतच कापताना उरलेल्या कडाही काही जण रद्दी म्हणून मोजतात. घराघरांतून, कार्यालयांतून परत आलेला कागद किती, हे विचारणे म्हणूनच योग्य.

भारत सरकारने १९९१ साली ‘इकोमार्क’ योजना आणली. तिचे चिन्ह मातीचे मडके. इतके बोलके, इतके देशी चिन्ह क्वचितच कुठल्या सरकारी योजनेला लाभले असेल. आणि इतके दुर्लक्षितही. २०२४ साली या योजनेचे नियम नव्याने करण्यात आले आहेत. ग्राहकांनी मडके मागितल्याशिवाय उत्पादक ते लावणार नाहीत.

पांढरेपणाचा सोस हा खरा अडसर आहे. कागद जितका दुधासारखा पांढरा तितकी त्यामागे रसायने अधिक. रद्दीचा कागद किंचित करडा, किंचित पिवळसर असतो. त्यावर शाई नीट उमटते, शिक्षकांना अक्षर वाचता येते, परीक्षेत गुण कमी होत नाहीत. तरीही वहीचे पान करडे दिसले की पालक नाक मुरडतात आणि दुकानदार तो माल ठेवणे बंद करतो. रद्दीचा चांगला कागद नेहमी स्वस्तच असेल असेही नाही. मागणी थोडी, माल थोडा, म्हणून कधी तो महाग पडतो. काटकसरीचा मुद्दा इथे लंगडा पडतो, हे मान्य करूनच पुढे जावे.

काटकसर जिथे खरी आहे ते ठिकाण वेगळे. पाठकोरे कागद हा शब्द अजून मराठीत जिवंत आहे, ही भाग्याची गोष्ट. एका बाजूने छापलेल्या कागदाच्या मागे टिपणे काढणे, वर्षाच्या शेवटी वह्यांतली कोरी पाने फाडून, शिवून त्यांची कच्ची वही करणे, आलेले पाकीट उलटवून पुन्हा वापरणे, हे ज्यांनी लहानपणी केले आहे ती पिढी अजून घरात आहे. मे महिन्याच्या सुट्टीत नातवंडांकडून अशी एक वही शिवून घेणे आजोबांना अवघड नाही.

संघशताब्दीच्या निमित्ताने मांडलेल्या पंचपरिवर्तनात पर्यावरण आहे, कुटुंब आहे, ‘स्व’चा आग्रह आणि नागरी कर्तव्यही आहे. वहीच्या खरेदीत हे चारही विषय एकत्र येतात. म्हणून सुरुवात आपल्या संस्थांपासून व्हावी. समविचारी मंडळींच्या शाळा आहेत, पतपेढ्या आहेत, रुग्णालये आहेत, प्रकाशने आहेत. या साऱ्यांची वर्षभराची कागदाची मागणी एकत्र केली तर कोणत्याही घाऊक व्यापाऱ्याने दखल घ्यावी एवढी ती भरेल. आज मात्र प्रत्येक शाळा जूनच्या तोंडावर घाईने, मिळेल त्या भावाने, मिळेल तो माल उचलते. वह्यांची खरेदी जूनमध्ये होत असली तरी गिरण्यांचे आणि वही कारखान्यांचे नियोजन त्याआधी काही महिने झालेले असते. मागणी जानेवारीत नोंदवावी लागेल. दरपत्रके मागवताना किमान किती टक्के कागद घराघरांतून परत आलेल्या रद्दीचा हवा ते आकड्यात लिहावे, शुभ्रतेची अट काढून टाकावी, वेष्टन प्लास्टिकऐवजी सुतळी आणि खाकी कागदाचे मागावे आणि शाळेतून निघणारी जुनी वह्या-पेपरांची रद्दी त्याच व्यापाऱ्याने उचलावी अशी अट घालावी. नमुन्याचा एक ताव मागवून त्यावर शाईच्या पेनाने, बॉलपेनने आणि पेन्सिलीने लिहून पाहावे, पान उलटून शाई फुटते का ते बघावे. ते काम शिक्षकांनी नव्हे, पाचवीच्या वर्गातल्या मुलांनी करावे. लिहायचे तर त्यांनाच आहे.